बारीक रेघ सांभाळा : देखणा सेरिफ फॉन्ट निवडण्यापासून छपाईपर्यंत

मासिकाचं मुखपृष्ठ, अत्तराचं वेष्टण, कवितासंग्रहाचं शीर्षकपान, निमंत्रणपत्रिका. अशा जागी रोमन अक्षरं वापरायची झाली, की बहुतेकांचा हात जाड-बारीक रेघांच्या एखाद्या नाजूक सेरिफ फॉन्टकडे जातो. निवड साहजिक आहे, कारण ही अक्षरं खरोखर सुंदर असतात. पण तोच फॉन्ट नऊ पॉइंटात पत्त्यासाठी, फिकट करड्या रंगात, मोबाइलच्या पडद्यावर वापरला की अक्षरं तुटल्यासारखी दिसतात आणि वाचणाऱ्याचे डोळे शिणतात.

या फॉन्टांचं सगळं सौंदर्य त्यांच्या सगळ्यात बारीक रेघेत असतं, आणि काहीही बिघडलं की पहिली जाते तीच रेघ. म्हणून आकार, रंग, कागद, जागा, जोडीचा फॉन्ट असा प्रत्येक निर्णय एकाच प्रश्नावर तपासायचा : ही रेघ टिकेल का? पुढच्या पायऱ्या त्याच प्रश्नाला धरून आहेत.

पायरी १ : अक्षराची ठेवण ओळखा

सेरिफ म्हणजे अक्षराच्या रेघेच्या टोकाला असलेलं छोटं पाऊल. हे पाऊल दांड्याला कसं जोडलेलं आहे, हे आधी बघा. फॉन्ट दोनशे-तीनशे पॉइंटापर्यंत मोठा करा आणि कॅपिटल आय, कॅपिटल ओ आणि लहान ई ही तीनच अक्षरं निरखा.

कॅपिटल ओच्या वरच्या आणि खालच्या सर्वांत बारीक जागांमधून एक काल्पनिक रेघ ओढा. ती डावीकडे कललेली असेल, पाऊल दांड्यातून हलक्या वळणाने उतरत असेल आणि जाड-बारीकमधला फरक सौम्य असेल, तर फॉन्ट गॅरामाँडच्या घराण्यातला आहे. हे वळण रुंद टोकाच्या लेखणीतून आलेलं आहे. व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतियुस या मुद्रक-प्रकाशकासाठी फ्रांचेस्को ग्रिफो याने पंधराव्या शतकाच्या शेवटी कोरलेली अक्षरं आणि पुढे पॅरिसमध्ये क्लोद गारामाँने (मृत्यू १५६१) त्यांना दिलेलं रूप, अशी ही परंपरा आहे. ही अक्षरं शांत असतात आणि लांबलचक मजकूर निमूटपणे पेलतात.

ती काल्पनिक रेघ सरळ उभी असेल, पाऊल केसाएवढं बारीक आणि दांड्याला थेट काटकोनात टेकलेलं असेल, तर तुम्ही दिदो किंवा बोडोनीच्या घरात आहात. पॅरिसमध्ये फर्मां दिदो आणि पार्मा इथे जांबात्तिस्ता बोडोनी (१७४०–१८१३) यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हे रूप टोकाला नेलं. इथे लेखणी संपते आणि कोरणी सुरू होते. आज फॅशनच्या मासिकांशी जो डौल आपण जोडतो, तो इथून आला.

या दोघांच्या मधे बास्करव्हिल बसतो. जॉन बास्करव्हिल बर्मिंगहॅमचा. १७५७ मध्ये त्याने छापलेल्या लॅटिन कवी व्हर्जिलच्या काव्यग्रंथासाठी त्याने अक्षरं तर नवी करून घेतलीच, शिवाय कागद गुळगुळीत करायला तो तापलेल्या पत्र्यांमध्ये दाबला आणि शाई अधिक काळी बनवली. ही गोष्ट कायम लक्षात ठेवण्यासारखी आहे. बारीक रेघ कागद आणि शाई यांच्या जिवावर उभी असते, हे त्याला अडीचशे वर्षांपूर्वी कळलं होतं. खडबडीत कागदावर आणि पातळ शाईत त्याची अक्षरं तशी उमटलीच नसती.

एक सावधगिरी. एका नावाचे दोन फॉन्ट सारखेच असतील असं धरू नका. ‘गॅरामाँड’ म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आलेले बरेच फॉन्ट प्रत्यक्षात सतराव्या शतकातल्या जाँ जानों या अक्षर कोरणाऱ्याच्या अक्षरांवर बेतलेले होते. १९२६ मध्ये मुद्राक्षरांच्या अभ्यासक बिअट्रिस वॉर्ड यांनी ते दाखवून दिलं. आजही रॉबर्ट स्लिमबाख यांचा १९८९ चा अडोबी गॅरामाँड आणि गेऑर्ग डुफनर यांनी १५९२ च्या नमुनापत्रावरून सुरू केलेला मुक्त परवान्याचा ईबी गॅरामाँड शेजारी ठेवले तर फरक दिसतो. नाव वाचून निवडू नका, अक्षर बघून निवडा.

पायरी २ : सर्वांत बारीक रेघ मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, आणि काम तर पाच मिनिटांचं आहे.

चित्र काढायच्या कुठल्याही व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये कॅपिटल एच १००० पॉइंटात टाइप करा, त्याचं बाह्यरेषेत रूपांतर करा आणि मधल्या आडव्या रेघेची जाडी पॉइंटात मोजा. आकार १००० घेतल्यामुळे जे उत्तर येईल ते थेट हजारातलं प्रमाण असतं. कॅपिटल टीच्या टोकाचं पाऊल आणि लहान ईची आडवी रेघही मोजा. तिन्हींत जो आकडा लहान, तो धरा.

समजा, उत्तर २०, म्हणजे हजारातली २० एककं, आलं. मग १० पॉइंटात छापल्यावर ती रेघ ०.२ पॉइंट, म्हणजे साधारण ०.०७ मिलिमीटर होईल. छपाईत पांढऱ्यावर काळी रेघ ०.२५ पॉइंटापेक्षा बारीक ठेवू नये, हा सर्वसाधारण संकेत आहे. २० एककांच्या फॉन्टला त्यासाठी किमान १२.५ पॉइंट आकार लागतो. तोच मजकूर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा हवा असेल, तर शाई चारही बाजूंनी रेघेत घुसते, म्हणून ०.५ पॉइंट धरा. आकार एकदम २५ पॉइंटावर जातो. बारीक रेघ ४० एककांची असेल तर हेच आकडे निम्म्यावर येतात : सव्वासहा आणि साडेबारा. ‘हा फॉन्ट मजकुराला चालेल का’ या वादाचा निकाल एवढ्या हिशोबात लागतो.

पडद्यावर हिशोब आणखी कडक होतो. २० एककांची रेघ १६ पिक्सेल आकारात ०.३२ पिक्सेल होते. साध्या मॉनिटरवर एक पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्शाची रेघ दाखवता येत नाही, म्हणून तिथे फिकट करडा ठिपका येतो. तिप्पट घनतेच्या मोबाइलवर तीच रेघ ०.९६ पिक्सेल होते आणि सुबक दिसते. महागड्या मोबाइलवर पाहून मंजूर केलेलं पान कचेरीतल्या जुन्या मॉनिटरवर का विरतं, त्याचं कारण हे.

पायरी ३ : आकाराप्रमाणे वेगळं रूप असलेला फॉन्ट शोधा

शिशाचे खिळे जुळवण्याच्या काळात प्रत्येक आकाराची अक्षरं वेगळी कोरावी लागत. कोरणारा सहा पॉइंटाच्या अक्षरात बारीक रेघ थोडी जाड ठेवी, अक्षर जरा रुंद करी, दोन अक्षरांत जागा जास्त सोडी. मोठ्या आकारात मात्र तो रेघ हवी तेवढी बारीक करी. पुढे फोटोटाइपसेटिंग आणि संगणक आले, एकच रेखाटन सगळ्या आकारांना ताणलं जाऊ लागलं, आणि हे शहाणपण बराच काळ हरवलं.

ते परत आणण्याचा एक ठळक प्रयत्न १९९१ चा. हार्पर्स बझार या फॅशनच्या मासिकासाठी जोनाथन हेफ्लर यांनी केलेला दिदो सात वेगवेगळ्या आकारांसाठी सात रूपांत रेखाटलेला होता, म्हणजे मथळा मोठा असो की छोटा, बारीक रेघ डोळ्याला तेवढीच बारीक दिसावी. आज हीच सोय व्हेरिएबल फॉन्टमध्ये, म्हणजे एकाच फाइलमध्ये रूप सलग बदलता येणाऱ्या फॉन्टमध्ये, ‘ऑप्टिकल साइझ’ या अक्षावर मिळते. मुक्त परवान्याच्या बोडोनी मोडामध्ये हा अक्ष ६ पासून ९६ पर्यंत जातो. ब्राउझर आकार बघून योग्य रूप आपोआप घेतात. पानरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय चालू आहे का, ते मात्र स्वतः तपासा.

असा अक्ष नसेल, तर नावाकडे लक्ष द्या. नावात ‘डिस्प्ले’ असेल तर फॉन्ट मथळ्यासाठी आहे. ‘टेक्स्ट’ किंवा ‘कॅप्शन’ असेल तर लहान आकारासाठी. डिस्प्ले रूप परिच्छेदात वापरून वर ‘फॉन्टच वाईट आहे’ म्हणणं हा फॉन्टवर अन्याय आहे.

पायरी ४ : कामाप्रमाणे निवड

लांब वाचनासाठी गॅरामाँड किंवा बास्करव्हिलचं घराणं. पुस्तकात ईबी गॅरामाँड उत्तम चालतो. पडद्यावर परिच्छेद हवे असतील तर लिब्रे बास्करव्हिल बघा. तो मुळात वेबवरच्या मजकुराच्या आकारासाठीच सुधारलेला आहे, लहान अक्षरांची उंची मोठी आणि पोकळ्या मोकळ्या आहेत. रुंद असल्यामुळे जागा मात्र जास्त खातो.

मथळ्यासाठी क्लाउस एगर्स सोरेन्सन यांचा प्लेफेअर डिस्प्ले सगळीकडे दिसतो, आणि त्याला कारण आहे. लहान अक्षरांची उंची मोठी, खाली उतरणाऱ्या रेघा आखूड, त्यामुळे मथळा घट्ट आणि भरीव बसतो. तो इतका वापरला गेला आहे की स्वतंत्र ओळख हवी असलेल्या कामाला मी तो सुचवत नाही.

क्रिस्टियान थालमान यांचा कॉर्मोरंट हा याच्या अगदी उलट स्वभावाचा, आणि मला तो फार प्रिय आहे. गॅरामाँडची आठवण, पण वर जाणाऱ्या रेघा उंच, लहान अक्षरांच्या पोकळ्या चिमुकल्या, रेघा तलम. ४० पॉइंटाच्या पुढे तो गाऊ लागतो. पण लहान अक्षरांची उंची कमी असल्याने शेजारच्या फॉन्टपेक्षा तो लहान भासतो. दुसऱ्या फॉन्टच्या १६ पॉइंटाच्या जागी याचे १९-२० पॉइंट घ्या. आकार वाढवता येत नसेल तर लाइट वजन (वजन म्हणजे रेघांची जाडी) सोडून मीडियम किंवा सेमीबोल्ड घ्या. नाजूकपणा जातो ही भीती अनाठायी आहे, कारण लहान आकारात सेमीबोल्डच लाइटसारखा दिसतो.

बोधचिन्हासाठी बोडोनी-दिदो घराणं निवडताना एकच कसोटी लावा : ते चिन्ह सर्वांत लहान जिथे वापरलं जाणार, तिथे पायरी दोनचा हिशोब बसतो का? बसत नसेल तर त्याच चिन्हाचं जाड रेघांचं दुसरं रूप सुरुवातीलाच करून ठेवा. मोठं आणि छोटं अशी दोन रेखाटनं ठेवण्यात कमीपणा काहीच नाही. खिळे कोरणारे तेच करत होते.

आणि जिथे हे फॉन्ट नकोतच : औषधाच्या सूचना, इशारे, रस्त्यावरच्या पाट्या, ॲपची बटणं, आकड्यांनी गच्च भरलेले तक्ते. तिथे वाचणाऱ्याला घाई असते.

पायरी ५ : जागा द्या

देखण्या सेरिफचं निम्मं देखणेपण भोवतालच्या पांढऱ्यात असतं. बोडोनीची पानं उघडून पाहिली तर समासच आधी डोळ्यांत भरतो. भरपूर रिकामी जागा, मोजका मजकूर, आणि त्यामुळे प्रत्येक अक्षर वेगळं उठून दिसतं.

अक्षरांमधली जागा आकारावर ठरवा. मोठ्या मथळ्यात लहान लिपीतली अक्षरं एक-दोन टक्क्यांनी जवळ आणा, कारण आकार वाढला की मधल्या फटीही वाढल्यासारख्या वाटतात. परिच्छेदात ट्रॅकिंगला, म्हणजे या सरसकट अंतराला, हात लावू नका. सगळा शब्द कॅपिटलमध्ये असेल तर मात्र पाच ते दहा टक्के जागा वाढवा, आणि आकार जितका लहान तितकी जास्त. कॅपिटल अक्षरं मुळात लहान लिपीशेजारी बसण्यासाठी आखलेली असतात. एकमेकांना खेटून उभी केली की दांड्यांचं कुंपण तयार होतं. दिदो घराण्यात हे फार जाणवतं, कारण तिथे जाड उभे दांडे आणि नाहीशा झालेल्या आडव्या रेघा असंच दृश्य असतं.

मथळ्यात कर्निंग, म्हणजे अक्षरांच्या एकेका जोडीतलं अंतर जुळवणं, हाताने करा. ए आणि व्ही, टी आणि ओ, डब्ल्यू आणि ए, एल आणि टी या जोड्यांत भोकं पडतात. शब्द उलटा करून बघा, म्हणजे डोळा वाचायचं सोडून फक्त जागा बघतो. तीन-तीन अक्षरांचे गट घ्या आणि मधल्या अक्षराच्या दोन्ही बाजूंची पांढरी जागा सारखी वाटते का पाहा. मोजपट्टीपेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवा.

ओळींमधलं अंतर परिच्छेदात आकाराच्या १३० ते १४५ टक्के. दोन-तीन ओळींच्या मोठ्या मथळ्यात १०० ते ११५ टक्के पुरे. कॉर्मोरंटसारख्या फॉन्टात वरच्या ओळीची शेपटी खालच्या ओळीच्या उंच रेघेला धडकते का, ते प्रत्यक्ष शब्द घालून बघा. ओळीची लांबी ४५ ते ७५ अक्षरांत ठेवा. दिदो-बोडोनीसारख्या उभ्या ताणाच्या फॉन्टात डोळा ओळीवरून घसरतो, म्हणून तिथे ६५ च्या आतच थांबलेलं बरं.

पायरी ६ : आतले दागिने वापरा, पण खरे

चांगल्या फॉन्टच्या आत बरंच काही दडलेलं असतं आणि ते सॉफ्टवेअरमधल्या ओपनटाइप सोयींच्या यादीतून चालू करावं लागतं. एफ आणि आयची जोडणी चालू असावी, नाहीतर एफचं वरचं वळण आयच्या टिंबावर आदळतं. आकडे दोन तऱ्हेचे असतात : कॅपिटलएवढे उंच, आणि लहान अक्षरांसारखे वर-खाली जाणारे. परिच्छेदात दुसरे, तक्त्यात आणि कॅपिटल मथळ्यात पहिले. जॉर्जियासारख्या फॉन्टात वर-खाली जाणारे आकडेच मूळ असतात, म्हणून किमतींच्या तक्त्यात ते डगमगलेले दिसतात.

स्मॉल कॅप्स, म्हणजे लहान अक्षरांच्या उंचीची कॅपिटल अक्षरं, फॉन्टात असतील तरच वापरा. सॉफ्टवेअर कॅपिटल अक्षरं दाबून जी नकली स्मॉल कॅप्स बनवतं, त्यात बारीक रेघ आणखी बारीक होते. तसंच नकली इटॅलिक आणि नकली बोल्डचं. या घराण्यांत इटॅलिक हे वेगळं रेखाटलेलं, वळणदार अक्षर असतं. सरळ अक्षर तिरकं केलं की ते फक्त पडल्यासारखं दिसतं. वेबसाइटवर इटॅलिकची फाइल जोडायची राहिली की ब्राउझर गुपचूप हेच करतो, म्हणून लहान ए आणि एफ तपासा. खऱ्या इटॅलिकात त्यांचा आकारच बदलतो.

पायरी ७ : जोडीदार, आणि देवनागरी

शेजारी दुसरा सेरिफ नको. साधा, कमी फरकाच्या रेघांचा सान्स, म्हणजे पावलं नसलेला फॉन्ट, घ्या आणि पत्ता, तळटीप, बटणं, तक्ते सगळं त्याच्यावर सोपवा. दोघांच्या लहान अक्षरांची उंची डोळ्याला सारखी दिसेल असे आकार ठरवा, पॉइंटाचा आकडा सारखा असण्याची गरज नाही.

देवनागरी सोबत असेल तर प्रश्न अधिक मजेदार होतो. देवनागरीत शिरोरेघ आडवा जोर देते, तर दिदोत आडव्या रेघा जवळजवळ नसतात. त्यामुळे एकसारख्या जाडीची देवनागरी शेजारी ठेवली की ती ओरडल्यासारखी वाटते. मोठ्या मथळ्यात जाड-बारीकचा टोकाचा फरक हवा असेल तर इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन बघा. त्यात दोन्ही लिप्या एकमेकींना धरून आखलेल्या आहेत. मजकुरासाठी टिरो देवनागरी मराठी हा शांत, लेखणीच्या वळणाचा पर्याय आहे आणि तो गॅरामाँड घराण्याशी छान नांदतो. मात्रा आणि उकारांमुळे देवनागरीला उभी जागा जास्त लागते, म्हणून ओळींमधलं अंतर देवनागरीप्रमाणे ठरवा आणि रोमनला त्यात बसू द्या.

पायरी ८ : रंग, कागद, पडदा

लहान अक्षरं फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के काळ्या प्लेटवर छापा. चार रंग मिसळून केलेला ‘गडद काळा’ मोठ्या पट्ट्यांसाठी ठीक, पण चार प्लेटा केसभर सरकल्या की बारीक रेघेला रंगीत सावली येते. करडा किंवा मिश्र रंग ठिपक्यांनी बनतो, आणि केसाएवढी रेघ ठिपक्यांत फुटते. रंग हवाच असेल तर स्पॉट कलर, म्हणजे आधीच मिसळलेली एकच शाई, घ्या.

गुळगुळीत लेपित कागद रेघ जशीच्या तशी धरतो. अलेपित, मऊ कागद शाई पितो आणि रेघ थोडी जाडावते. गॅरामाँडला ते मानवतं, किंबहुना ऊब येते. बोडोनीला मात्र त्यात धार राहत नाही. सोनेरी फॉइलचा ठसा द्यायचा असेल तर किमान रेघ किती चालते, हे ठसा बनवणाऱ्याला आधी विचारा आणि पायरी दोनमधला आकडा त्याच्यासमोर ठेवा.

पडद्यावर रंगछटांच्या फरकाची कसोटी मजकुरासाठी ४.५ ला १ अशी आहे. पण हे गुणोत्तर रंगाच्या कोडवरून काढलं जातं, रेघेच्या जाडीवरून काढलं जात नाही. बारीक रेघ फिकट होऊन उमटते, त्यामुळे कागदोपत्री पास झालेलं पान प्रत्यक्षात नापास असू शकतं. नाजूक सेरिफला ही कसोटी जेमतेम गाठू नका, चांगली ओलांडा. छायाचित्रावर अक्षरं टाकायची असतील तर चित्रातली शांत, सपाट जागा निवडा.

पायरी ९ : परवाना आणि शेवटची फाइल

एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स असलेले फॉन्ट व्यावसायिक कामाला चालतात, छापता येतात, वेबसाइटवर जोडता येतात. फक्त फॉन्टची फाइल एकटी विकता येत नाही. विकतच्या फॉन्टांत संगणक, वेब आणि ॲप यांचे परवाने बहुधा वेगवेगळे असतात. बोधचिन्हासाठी वेगळी अट आहे का, तेही वाचा.

छपाईला पीडीएफ देताना फॉन्ट आत जोडलेले ठेवा. परिच्छेदांचं बाह्यरेषेत रूपांतर करू नका, कमी क्षमतेच्या प्रिंटरवर तशी अक्षरं जाडावतात. बोधचिन्ह आणि हाताने कर्न केलेला मथळा मात्र बाह्यरेषेत द्या. नमुना प्रत मागा, आणि ती त्याच कागदावर मागा. हातात आली की नेहमीच्या वाचायच्या अंतरावर धरून तीन जागा बघा : लहान ईची आडवी रेघ, कॅपिटल टीच्या टोकाची पावलं, आणि लहान एनमध्ये कमान दांड्याला जिथे मिळते तो सांधा. यातलं एकही तुटलेलं दिसलं तर आकार एक-दोन पॉइंटांनी वाढवा किंवा एक वजन वर जा, आणि नमुना पुन्हा मागवा.